विनीताचा सरदार

पहाटे साडेचारला विनीताचा दिवस सुरू व्हायचा. चुलीत नारळाची सोडणं सारून ती आंघोळीच्या पाण्याचा हंडा चढवी, गॅसवर पेजेचे उकडे तांदूळ ठेवी, आणि पेज शिजेपर्यंत जो वेळ मिळे तो तिचा स्वतःचा. पुढे दिवसभरात तसा वेळ पुन्हा हाती लागत नसे. सासू मथुरा आतल्या खोलीत घोरत असायची. विनीता मागच्या दाराच्या पायरीवर बसे, ओले हात गाऊनला पुसून मोबाईल उघडी. आत तिचा सरदार ढाल टेकून उभा असे. महिनोन् महिने त्याने एक पहाट चुकवली नव्हती.

त्या खेळाचं नाव इंग्रजी आणि लांबलचक होतं. विनीताने त्याला सरदाराचा खेळ म्हणायला सुरुवात केली आणि तेच राहिलं. गोष्ट अशी की एक राज्य समुद्रात बुडतं आणि त्यातून दोघंच वाचतात, एक हद्दपार केलेला सरदार आणि एक वैद्यीण. राज्य परत वर आणायचं तर किल्ल्यामागून किल्ला पार करावा लागतो. हा खेळ एकट्याने खेळता येत नाही. एकाने दरवाजाची साखळी ओढून धरावी तेव्हा दुसऱ्याने आत शिरावं. एकाने ढाल पुढे करावी, दुसऱ्याने जखम बांधावी. किल्ला सर झाला की दोघं शेकोटीपाशी बसतात आणि खेळ त्यांना एकमेकांशी बोलायला लावतो. काय बोलायचं ते पडद्यावर सुचवलेलं असतं. ते नको असेल तर आपल्या शब्दांत लिहायचं. तसं बोलता बोलता सरदार आणि वैद्यीण यांच्यात प्रेम वाढतं. किती वाढलं ते दाखवायला कोपऱ्यात एक लाल ज्योत असते. रोज दोघं कामावर हजर राहिली तर ज्योत चढते. खाडा झाला की उतरते.

सरदार म्हणजे सर्वेश. विनीताचा नवरा.

सर्वेश मालवाहू जहाजावर इंजिनखान्यात होता. लग्न झालं, सत्यनारायण झाला, पाहुणे गेले, आणि लागलीच कंपनीचं बोलावणं आलं. त्या थोड्या दिवसांत दोघांचं बोलणं झालं ते इतकंच की मीठ कमी आहे का आणि पंखा वाढवू का. सर्वेश मुळात कमी बोलणारा. तिला वाटलं होतं, हा माणूस कळायला वेळ लागेल आणि वेळ तर हा घेऊन चाललाय. निघायच्या आदल्या दिवशी मात्र त्याने तिचा मोबाईल मागून घेतला, खेळ भरून दिला आणि ओट्यावर बसून शिकवला.

"ह्येच्यार भेटूया," तो म्हणाला. "फोनार काय बोलतलंस? आवस कान लावन बसता. हय आपण दोघांच."

एवढं मोठं वाक्य तो पहिल्यांदाच बोलला होता. विनीताने ते जपून ठेवलं.

मुंबईला जहाजाची वाट बघत असताना तो खेळला. तेव्हाचा त्याचा सरदार म्हणजे आडदांड गडी. धावत पुढे जायचा, एकटाच चार जणांवर तुटून पडायचा, मरायचा, आणि पुन्हा उठून तेच करायचा. वैद्यीण मागे राहिली तर राहिली. मग जहाज सुटलं. काही दिवस सरदार दिसला नाही. ज्योत उतरून काजव्याएवढी झाली. आणि एका पहाटे तो परत आला तो बदलून. विनीता पोचेपर्यंत साखळी धरून उभा राहायचा. तिचा जुना मोबाईल अडकत अडकत चाले, तिची वैद्यीण दोन पावलं टाकून थबके, पण सरदाराने कधी तिला सोडून उंबरा ओलांडला नाही. सापडलेलं औषध आधी तिच्या थैलीत टाकी. समुद्राने माणूस शांत केला, असं विनीताच्या मनाने घेतलं.

पेज उतरवली की खेळ बंद. सासूचा चहा, अंगण, पाणी, डबा, आणि सातच्या एसटीने कट्टा गावाच्या रस्त्यावरचा काजूचा कारखाना, दुपारपर्यंतची पाळी.

ते काम लांबून सोपं दिसतं. उकडून वाळवलेली बी डाव्या हाताने पात्यांच्या मधे धरायची, पायाने पायटा दाबायचा, उजव्या हाताने दांडा ओढायचा. कवच दुभंगतं. समोरची बाई सुईने आतला गर अख्खा काढून घेते. मजुरी अख्ख्या गराची, तुकड्याला भाव नाही. दांडा जोरात ओढला तर गर चिरडतो, हळू ओढला तर कवच उघडत नाही, आणि बी धरणारी बोटं पात्यापासून नखभर लांब असतात. शिवाय कवचाचा चीक. तो लागला की कातडी आधी काळी पडते, मग सोलते. विनीताच्या डाव्या हाताची बोटं पहिल्या पावसाळ्यापर्यंत अशी झाली की मोबाईलला तिचा अंगठा ओळखता येईना. बोटाचं कुलूप काढून तिने आकड्यांचं कुलूप घातलं.

मशीनवर तिच्या समोर तुळसा असायची. पन्नाशी उलटलेली बाई, शेजारच्या वाडीतली, हात सुईचा आणि जीभही सुईचीच.

"काय गो, आज गालार लाली दिसता," ती म्हणे. मोबाईलमधला सरदार तिच्या लेखी भावलो, म्हणजे बाहुला. "भावल्यान काय म्हटल्यान फाटफटी?"

"भावलो नाय तो, काकी. घोव आसा माझो."

"घोव जहाजार. मोबायलात भावलोच. त्या भावल्याक सांग, तुळसाकाकीची सुई धरूक एक दिवस ये म्हणान. मगे बघूया प्रेम किती ऱ्हवता."

सगळ्या बायका हसत. विनीताही हसे, पण दांड्याचा ठेका चुकू देत नसे.

सरदाराने खरं काय म्हटलं होतं, ते तिने तुळसाला सांगितलं नाही. आदल्या पहाटे शेकोटीपाशी त्याने लिहिलं होतं, "हात कसे आसत?" तिने लिहिलं, "जळतत." जरा वेळाने उत्तर आलं. "घराक गेल्यार आदी पाणी लावू नको. आदी खोबरेल चोळ. मगे राख. मगे साबण. पाणी आदी लावलंस तर चीक आत शिरता."

तिने तसं केलं. आठवडाभरात आग कमी झाली. इंजिनखान्यात ग्रीसमध्ये राबणाऱ्या माणसाला काजूच्या चिकाचं काय ठाऊक असणार? म्हणजे त्याने कोणाला तरी विचारलं. दूरच्या समुद्रात, कामातून वेळ काढून, आपल्या बायकोच्या हातांसाठी विचारलं. त्या दिवसापासून विनीता त्याची झाली. लग्नाने झाली नव्हती, ती तेव्हा झाली.

पुढे ती सगळंच लिहू लागली. सासू जेवताना बोलत नाही, ते. माहेरचा कुत्रा मेला, ते. कारखान्यातल्या पंख्याला पातं नाही, ते. सरदार थोडंच लिही, पण नेमकं लिही. "आवस माझी आदीपासना तशीच. तुझ्यार राग नाय." "कुत्र्याचा नाव काय होता?" नाव विचारणारा माणूस तिला आजवर भेटला नव्हता.

मजुरीतून तिने आधी नवा मोबाईल घेतला. सरदाराला ताटकळत ठेवणं तिला बरं वाटेना. नंतर मागच्या पडवीला लागून एक खोली काढायचं ठरवलं, दोघांपुरती. त्यांच्या आणि सासूच्या खोलीमध्ये फक्त पातळ फळ्यांची भिंत होती, आणि बोलायचं तर माणसाला आडोसा लागतो. त्यासाठी ती रविवारच्या जादा पाळीलाही जाऊ लागली. पाया खणून घेतला. चिऱ्यांना विसार दिला.

शिमग्याला खेळातला शेवटचा किल्ला आला. तो सर झाला की सरदार आणि वैद्यीण यांचं लग्न लागतं. दोघांनी दोन समया एकदम पेटवायच्या. विनीताने दारातच आपली वैद्यीण थांबवली आणि लिहिलं, "लगीन तुमी इल्यार. बाजूक बसान करूया."

सरदार समई हातात घेऊन नुसता उभा राहिला. खूप वेळ. उत्तर त्या दिवशी आलंच नाही. दुसऱ्या पहाटे आलं. "बरां."

त्याच सुमाराला तुळसाने कारखाना सोडला. बोटं वळेनाशी झाली होती, सुई हातातून निसटायची. जाताना म्हणाली, "माझ्या जागेर इल्ल्या चेडवाक आदी बघून घी. तिचो हात खंय येता ता. नायतर तुझी बोटां जातली." कारखान्याचा तो दंडकच आहे. समोरची बाई बदलली तर मशीन चालू करायच्या आधी सांगतात. दोघींचं काम एका ठेक्यावर चालतं. समोर कोण आहे ते ठाऊक नसेल तर हात कापला जातो.

वैशाखात सर्वेश आला. कुडाळ स्टेशनला ती रिक्षा घेऊन गेली होती. तो उतरला, पूर्वीपेक्षा भरलेला, गळ्याला उशी अडकवलेली. ती पुढे झाली. मनात शेकोटीवरचं सगळं बोलणं दाटून आलं होतं.

"हात बरे आसत आता," ती म्हणाली.

"कायता?" तो बॅगा मोजत म्हणाला. "हातांक काय झाला?"

गर्दी होती, उकाडा होता, माणूस दमून आला होता. विनीताने ते सोडून दिलं.

रविवारी दुपारी मथुरा जेवून आडवी झाली तेव्हा विनीताने ओट्यावर चटई घातली. दोन मोबाईल समोर ठेवले. नवी साडी नव्हती नेसली, पण केसांत अबोली माळली होती. सर्वेश आंब्याची कोय चोखत येऊन बसला.

"चल, दाखय तुझो खेळ," तो म्हणाला.

तुझो. तिने ऐकलं, पण ती खेळ उघडण्यात गुंतली होती.

शेवटच्या किल्ल्याचं दार समोर आलं. सर्वेशने आपला सरदार धावत नेला, भिंतीवर आपटला, मागे फिरवला, पुन्हा आपटला.

"थांबा. आदी साखळी धरूक होयी."

"खंयची साखळी?"

"ती काय, उजवीकडे. तुमीच तर धरतास रोज."

"मी खंय रोज?" सर्वेश हसला. कोय अंगणात भिरकावून त्याने हात चड्डीला पुसले. "जहाजार रेंज खंय आसा? बंदराक लागला काय आवशीक फोन करूक मिळता तितक्याच."

विनीताचा अंगठा पडद्यावर तसाच राहिला. तिची वैद्यीण दारात उभी. "मगे कोण खेळा होतो?"

"दत्तो."

"खंयचो दत्तो?"

"खंयचो म्हंजे? आमचो दत्तो. आतेभाव माझो. देवगडाक बर्फाच्या फॅक्टरीत आसा, लग्नात शामियानो बांधूक होतो बघ. तेका रात्रपाळी. फाटेचे लाद्यो काढूक वेळ असता, तवसर बसान ऱ्हवता. म्हटलंय, खेळ. पासवर्ड दिलंय तेका. बदली."

"बदली?"

"होय तर. खाडो झालो काय ती ज्योत उतरता. मी म्हटलंय, उतराक नको. पुरी चढवन ठेवल्यान मा? बघ, किती झाली."

त्याने कोपऱ्यातल्या ज्योतीवर बोट ठेवलं. चेहऱ्यावर समाधान होतं. घरी नसताना घराची शेती कोणी लावून ठेवावी आणि परत आल्यावर पीक उभं दिसावं, तसं.

इथे एक सांगायला हवं. सर्वेशचा बाप भिकाजी रापणकर होता. रापणीचं जाळं किनाऱ्यावरून ओढायला पन्नास पन्नास हात लागतात, आणि ज्या घरचे हात दोराला, त्या घराला मासळीचा वाटा. घरचा माणूस आजारी पडला, गावाला गेला, तर घराने बदली गडी द्यायचा. बदलीने दोर ओढायचा, वाटा मूळ घराला जायचा. बदलीने मासळीवर हक्क सांगायचा नाही, आणि मूळ माणसाने त्याला कोरडा परत पाठवायचा नाही. पिढ्यान् पिढ्या त्या किनाऱ्यावर हे चालत आलं आणि त्यामुळे पुष्कळ घरांची चूल पेटत राहिली. सर्वेश त्याच घरात वाढला. कामाला जाता येत नसेल तर बदली द्यावा, हे त्याला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

बोलण्याने मथुरा जागी झाली होती. ती दारात येऊन बसली. झालं काय ते तिने ऐकून घेतलं.

"त्यात काय गो इतक्या?" ती म्हणाली. "हेचो बापूस तापान पडलो तेवा माझ्या भावान रापण ओढल्यान. वाटो आमच्याच घराक इलो. कोणी नावां ठेवूक नाय."

"तेच म्हणतंय मी," सर्वेश म्हणाला. "मी तुझो वाटो बुडूक दिलंय नाय."

"आणि लिवलेला?" विनीताने विचारलं.

"खंय लिवलेला?"

"शेकोटीकडे. रोज लिवलेला."

"ता दत्तोच बघी होतो. मी सांगल्लंय तेका, बरां बोल म्हणान. वायट बोललो काय? तसा सांग, धरतंय तेका."

"नाय. वायट नाय बोललो."

"मगे?"

"रापणीत बदली इलो तर बाजूच्याक सांगतत. माका कोणी सांगल्यान?"

सर्वेशने क्षणभर विचार केला. तो वाईट माणूस नव्हता. इंजिनखान्यात त्याच्या हाताखालचा पंप कधी बंद पडला नाही. "सांगला असता तर तू खेळली असतंस?"

"नाय."

"मगे झाला तर," तो म्हणाला, आणि वाद जिंकल्यासारखा आंबा आणायला आत गेला.

विनीता तिथेच बसली. पहाटेची ती पायरी, हंड्याखालची आग, एकेक शब्द खोडून पुन्हा लिहिलेला. तिने चोख काम केलं होतं. खाडा केला नव्हता, हात राखला नव्हता, बदली दिला नव्हता. समोर कोण आहे एवढंच तिला ठाऊक नव्हतं.

पुढच्या रविवारी दत्तो, म्हणजे दत्तप्रसाद, बायकोला घेऊन आला. जहाजावरचा माणूस घरी आला की नात्यातले भेटायला येतातच. बुटका, रुंद खांद्यांचा माणूस, बर्फाच्या लाद्या ओढून पंजे सुजल्यासारखे. विनीताने पाणी दिलं तेव्हा त्याने वर पाहिलं नाही. सर्वेशने सगळ्यांच्या देखत कपाटातून परदेशी दारूची बाटली काढली आणि त्याच्या मांडीवर ठेवली.

"घी रे. बदलीची."

"ऱ्हवांदे," दत्तप्रसाद म्हणाला.

"ऱ्हवांदे काय! कोरडो धाडू तुका?"

दत्तप्रसादने बाटली उचलून आपल्या पायाशी ठेवली.

त्याची बायको सलोनी स्वयंपाकघरात आली आणि न सांगताच विळीपाशी बसून कोकमाची सोलं वेगळी करू लागली. मोकळ्या स्वभावाची, हसरी. "वैनी, रागावलात काय? आमका वाटला, तुमका ठावक आसा. सर्वेशभावजी सांगतले म्हणा होते."

"तुका ठावक होता?"

"ह्या बघा! माका ठावक नाय?" सलोनी हसली. "अवो, तेंका खंय काय सुचता? बर्फावांगडा ऱ्हवान डोक्याचो बर्फ झालो. लादी काढून झाली काय माका फोन करीत. आज वैनी असा म्हणता, काय लिवू? मी पोराक दूध पाजीत बसल्ली असंय. मी सांगा, ते लिवीत. ता खोबरेल-राखेचा माझाच. मीय लग्नाआदी काजीतच होतंय." तिने आपला डावा तळवा पुढे केला. बोटांवर जुने काळे डाग होते.

विनीताने तो हात पाहिला. आपला शेजारी धरला. एकाच कारखान्यातून निघालेल्यासारखे हात.

"कुत्र्याचा नाव?" तिने विचारलं.

"ता पण मीच. तुमचो कुत्रो मेलो म्हटल्यार माका वायट वाटला. आमचोय मेल्लो."

चूल धगधगत होती. विनीताने कढईतली मासळी परतली, आणि मागे न वळता विचारलं, "मी लिवलंय लगीन फुडे करूया म्हणान. तेका बरां म्हणान कोणी लिवल्यान?"

सलोनीचे हात थांबले. "तेचा माका ठावक नाय," ती म्हणाली. "त्या दिवशी हेनी फोन करूक नाय. घराक येवन जेवलेय नाय. म्हटलंय, अंगात कसर आसात." ती सोलं आवरून उठली. "आमी निघतो, वैनी. पोर एकला आसा सासूकडे."

"जेवान जावा."

"नको."

हात धुवायला दत्तप्रसाद मागच्या विहिरीपाशी गेला होता. विनीता कळशी घेऊन गेली. तो बाजूला झाला, तिला रहाट मोकळा करून दिला.

"वैनी," तो रहाटाकडे बघत म्हणाला, "मी ता सगळा सर्वेशाच्या नावान लिवलंय. माझ्या नावान काय एक लिवलंय नाय."

"एक सुद्धा नाय?"

"नाय."

तो सांगत होता ते खरं होतं. बदलीने मासळीवर हक्क सांगायचा नसतो, आणि दत्तप्रसाद चांगला बदली होता. बायकोला पुढे घालून तो फाटकाबाहेर पडला. बाटली त्याने नेली. नेली नसती तर सर्वेशने विचारलं असतं.

विनीताने त्या संध्याकाळी मोबाईलमधून खेळ काढून टाकला. चिरेवाल्याला फोन करून टेम्पो पाठवू नका म्हणून सांगितलं. पाया खणलेला होता तो तसाच राहिला, त्यात कोंबड्या उतरून धूळ अंगावर घेऊ लागल्या. सर्वेशने विचारलं, खोली कित्या नाय बांधलंस? ती म्हणाली, बोलूचा काय आसा ता हयसर बसान बोला. त्याला ते पटलं. त्याला बोलायचं काहीच नव्हतं.

दोन दिवसांनी ती तुळसाच्या घरी गेली.

"काकी, कामाक येशात?"

"सुई माझ्यान धरणां नाय गो आता."

"सुई नाय. पळी. माझ्या घराक. सकाळी चाय-न्ह्यारी, दुपारचा जेवाण, सांजेचा जेवाण. घोवाचे कपडे. तेका वाढूचा, ताट उचलूचा. मजुरी मी देतलंय."

तुळसाने तिच्याकडे नीट पाहिलं. "आणि तू?"

"मी कारखान्यात. दोन पाळी."

"सासू काय म्हणतली?"

"बदलीक तिची ना नाय. तिनाच सांगल्यान."

तुळसा दुसऱ्या दिवसापासून आली. कामाला ती पूर्वीपासून पक्की. तिचा भात कधी गिजगिजीत झाला नाही, बांगड्याच्या तिखल्याला त्रिफळ बरोबर पडे, सर्वेशच्या शर्टाची कॉलर तिने दगडावर घासून पांढरी काढली. विनीता दिवेलागणीला घरी येई. त्या वेळी सर्वेश पाटावर, तुळसा वाढतेय, मथुरा बाजूला. विनीता पाय धुऊन आपली मागच्या पायरीवर बसे आणि सगळ्यांचं झाल्यावर जेवून घेई. झोपायला ती सासूच्या खोलीत जाऊ लागली. एका कामाला बदली देता येत नाही. ते काम तिने बंद ठेवलं.

तिला वाटलं होतं, तो चिडेल. निदान विचारेल. ताट सरकवून म्हणेल, माका तुझ्या हातचा होया. एवढं ऐकायला तिने ही सगळी मांडामांड केली होती. दिवसभर दांडा ओढताना ती त्या एका वाक्याला काय उत्तर द्यायचं ते घोळवत राही.

पंधरवडा झाला. सर्वेश जेवून हात वाळवत तिच्या मागे येऊन उभा राहिला. तिने मान वळवली नाही, पण पाठ ताठ झाली.

"तुळसाकाकीचो हात बरो आसा," तो म्हणाला. "बरां केलंस तू. तुझीय धावपळ वाचली. मी परत गेल्यार आवशीकय हिकाच ठेवया."

मग तो ओट्यावर जाऊन मोबाईलवर क्रिकेट बघत बसला.

विनीताने तुळसाला थांबवलं नाही. सर्वेशची रजा संपेपर्यंत तिच्या दोन पाळ्यांची मजुरी दर महिन्याला तुळसाच्या पदरात पडत राहिली. त्या मजुरीत सर्वेशला त्रिफळाचं तिखलं मिळालं, मथुराला वेळेवर चहा मिळाला, तुळसाला सुईशिवाय पोट भरता आलं. विनीताला मिळाली दिवेलागणीची पायरी. तिथे कोणाला काही वाढायचं नव्हतं.